शुद्धीचं कडं

सकाळचे नऊही वाजले नव्हते, पण गाड्यांच्या धूर तपासणी केंद्रासमोरच्या मोकळ्या जागेत इतकी गर्दी झाली होती की मागच्यांना टाचा उंचावून बघावं लागत होतं. मधोमध एक जुनी निळी गाडी उभी होती. तिच्या मागे पायघोळ पांढऱ्या अंगरख्यात शुद्धिबाबा उभे होते.

बाबांनी एक पांढराशुभ्र रुमाल हवेत फडकवला, गाडीच्या धुराच्या नळीत खुपसून गरागरा फिरवला आणि बाहेर काढला. रुमाल काळाकुट्ट.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"काजळी!" पुढचा एक जण म्हणाला.

"तुला काजळी दिसते, बाळा. मला पाप दिसतं." बाबांनी डोळे मिटले. "या गाडीत बसून कुणीतरी खोटं बोललंय. कुणीतरी भांडलंय. कुणीतरी शेजाऱ्याच्या कागाळ्या केल्यात."

गाडीचा मालक न्हावी होता. तिन्ही आरोप त्याला एकदम पटले आणि त्यानं मान खाली घातली.

मग गाडीभोवती पडदे लागले, झांज वाजली आणि पंधरा मिनिटांनी पडदे हटले. बाबांनी दुसरा रुमाल नळीत फिरवून बाहेर काढला. त्यावर डाग म्हणून नव्हता! गर्दीतून एकच हुंकार उठला. न्हाव्यानं गाडी समोरच्या केंद्रात नेली आणि थोड्या वेळानं 'पास'चा कागद नाचवत बाहेर आला. कालपर्यंत हीच गाडी दोनदा नापास झाली होती.

"बघितलंस?" सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं.

"बघितलं. नळी आधी मळकी होती, आता पुसलेली आहे."

"पुसलेली म्हणे! आणि तो कागद? तोही पुसून आला का?"

सुनेनं टाचा उंचावून न्हाव्याच्या हातातला कागद वाचायचा प्रयत्न केला. 

ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी परिचारिका होती. कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, अंथरुणाला खिळलेल्या कुणाची कूस बदलायची, असं दिवसभर चाले. सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रात. घरात ती आणि सासूबाई. दारात एक म्हातारी गाडी, आणि त्या गाडीवर शहराच्या चार टोकांना पसरलेले अकरा पेशंट अवलंबून.

ती गाडी आदल्या दिवशी तपासणीत नापास झाली होती. कागदावर कार्बन मोनॉक्साइडपुढे ०.८ आकडा होता, हद्द ०.५ची. शनिवारपर्यंत गाडी पास झाली नाही तर ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. एरवी सिस्टर सरळ मिस्तरीकडे गेली असती, पण शहरातला तिच्या विश्वासाचा एकमेव मिस्तरी जिन्यावरून घसरून पाय मोडून घरी पडला होता. त्याच्या जखमेचं ड्रेसिंग करायला तीच एक दिवसाआड जात होती.

"आता कारणं पुरे," सासूबाई म्हणाल्या. "रांगेत लाव गाडी. झाला तर फायदा, नाही तर तुझं काय जातंय?"

सिस्टरला हे वाक्य कधीच आवडत नसे. असंच म्हणून लोक मधुमेहाच्या गोळ्या सोडून झाडपाला खात आणि मग पाय काळा पडल्यावर तिला बोलावत. पण शनिवार चार दिवसांवर होता, आणि साठी उलटलेला एक पेशंट रोज दहा वाजता खिडकीत तिची वाट बघत बसे. तिनं नाइलाजानं गाडी रांगेत लावली.

बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "फार दुःख वाहिलंय हिनं."

"आजारी माणसांकडे जाते ना रोज!" सासूबाई भारावून म्हणाल्या.

काचेवर 'परिचारिका – तातडीची सेवा' असं ठसठशीत अक्षरांत चिकटवलेलं होतं. सिस्टरनं त्याकडे एकदा पाहिलं.

"आता पाठ करून उभ्या राहा. डोळे मिटा. शंभरापासून उलटे आकडे म्हणा. एकही चुकला तर पहिल्यापासून. मागे वळून पाहिलंत, तर निघालेलं पाप तुमच्याच अंगात शिरेल."

पडदे लागले. एक चेला जीव खाऊन झांज बडवू लागला, दुसरा पडद्याआड शिरला. एकसष्टच्या आसपास सिस्टरला झांजेच्या आडून घर्रर्र असा आवाज आला.

"हा कसला आवाज?"

"गाडी पाप ओकतेय," बाबा कानाशी कुजबुजले. "आकडे चालू ठेवा."

सासूबाई सत्तेचाळीसवर अडखळल्या आणि प्रामाणिकपणे पुन्हा शंभरावर गेल्या.

पडदे हटले तेव्हा गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीभोवती, बोटभर रुंदीचं एक चकचकीत कडं बसलेलं होतं. बाबांनी नियम सांगितले. "हे शुद्धीचं कडं. कधीही काढायचं नाही. कुठल्याही मिस्तरीला गाडीखाली शिरू द्यायचं नाही. त्यांचे हात तेलकट आणि मन त्याहून तेलकट. आणि काचा बंद ठेवा. उघड्या काचेतून शुद्धी उडून जाते."

सिस्टरनं गाडी केंद्रात नेली. तपासनिसानं नळीत यंत्राची दांडी घातली, पडद्यावरचा आकडा वाचला. ०.४. पास! 

सासूबाईंनी घरी येईपर्यंत तो कागद पंख्यासारखा हलवत ठेवला. ते हलवणं हजार टोमण्यांच्या बरोबरीचं होतं.

पुढच्या आठवड्यात गारठा पडला होता, त्यामुळे काचा बंद ठेवायला सांगावं लागलं नाही. सासूबाई आता हट्टानं फेरीला बरोबर येऊ लागल्या, मागच्या सीटवर पाय पसरून बसत. "अगं, गाडीत बसलं की काय शांत वाटतं! दहा मिनिटांत डोळे मिटतात. समाधीच लागते म्हण ना."

त्या एकट्याच असं म्हणत नव्हत्या. बाबांच्या अंगणात आता भक्त उठून अनुभव सांगत. कुणी गाडीत बसताच सगळ्या चिंता विसरे, कुणाचं भांडखोर पोर मागच्या सीटवर गाय होऊन जाई. बाबा हात वर करून म्हणत, "गाडी आता गाडी राहिली नाही. देऊळ झालंय तिचं."

सिस्टरला मात्र या देवळात डोकेदुखी जडली होती. दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागे, मळमळे. पेशंटच्या घरी अर्धा तास काढला की बरं वाटे. पुन्हा गाडीत बसलं की पुन्हा ठणका. ती चष्म्याचा नंबर वाढला असं समजून चालली होती.

त्यापुढच्या मंगळवारी सकाळी वाहतूक तुंबली. पाऊण तास गाडी जागेवरच घरघरत उभी होती. शेवटी पेशंटच्या दारात पोचल्यावर सिस्टर म्हणाली, "आई, तुम्ही बसताय का इथेच?"

उत्तर आलं नाही.

"आई?"

सासूबाईंची मान छातीवर पडली होती. सिस्टरनं मागे वळून खांदा हलवला, गालावर चापट मारली. डोळे अर्धवट उघडले, पुन्हा मिटले. ओठांतून काहीतरी बरळणं आलं, ते कुणाचंच नाव नव्हतं. सिस्टरनं घाईघाईनं पिशवीतून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र काढलं आणि त्यांच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव म्हणजे उत्तम! पण समोरची बाई तर शुद्धीवर नाही. सिस्टरनं यंत्र दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं, तोच आकडा. तिचंही डोकं घणाघण ठोके देत होतं. दार उघडण्यासाठी तिनं हात पुढे केला तर बोटं जड झाली होती, जशी दुसऱ्याचीच असावीत. आणि तेव्हाच, शिकत असताना एका कडक शिक्षिकेनं फळ्यावर दोनदा रेघ मारून सांगितलेली गोष्ट तिला आठवली. हे यंत्र एका ठिकाणी फसतं. रक्तात ऑक्सिजनच्या जागी कार्बन मोनॉक्साइड चिकटला असेल, तरी ते त्याला ऑक्सिजनच समजतं आणि सगळं ठीक असल्याचा आकडा दाखवतं.

तिनं चारही दारं भडाभडा उघडली, इंजिन बंद केलं आणि सासूबाईंना काखेत हात घालून ओढत बाहेर मोकळ्या हवेत आणलं. पेशंटच्या मुलीनं आपल्या गाडीतून दोघींना दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरांनी सासूबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला आणि रक्ताचा अहवाल बघून विचारलं, "खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवली होती का?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "देवळात बसलो होतो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. सिस्टरला सगळंच कळलं होतं. फक्त कसं, तेवढं राहिलं होतं.

सासूबाई संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आल्या. आधी "इथे कोण घेऊन आलं मला?" आणि लगेच "चहा मिळेल का?" असं विचारलं, तेव्हा सिस्टर बाहेरच्या बाकावर जाऊन पाच मिनिटं पदरात तोंड लपवून रडली. झाला तर फायदा, नाही तर काय जातंय? आईच गेल्या असत्या. आणि गाडी रांगेत तिनं स्वतः लावली होती, स्वतःच्या हातानं, सगळं समजत असताना.

दुसऱ्या दिवशी काचा उघड्या ठेवून ती गाडी मिस्तरीकडे घेऊन गेली. त्याचं ड्रेसिंग संपवलं आणि दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. एक नापास, एक पास.

मिस्तरीनं चष्मा लावला. "हा आकडा सगळे बघतात. कार्बन मोनॉक्साइड. अर्धवट जळलेल्या पेट्रोलाचं विष. ०.८चं ०.४ झालं. छान. पण सिस्टर, ही खालची ओळ वाचली का कुणी?"

"कार्बन डायऑक्साइड. चौदा होता, सात झाला."

"मग?"

"मग काय? तोही कमी झाला, चांगलंच की."

"चांगलं कसलं डोंबल! पेट्रोल नीट जळायला लागलं, तर विष कमी होतं आणि हा दुसरा वाढतो. इथे दोन्ही बरोबर निम्मे झालेत. तुम्ही एक सांगा, दुधातली साय निम्मी झाली, साखर निम्मी झाली, सगळंच निम्मं झालं, तर गवळ्यानं काय केलं?"

"पाणी घातलं."

"इथे हवा घातलीय. तुमची गाडी सुधारलेली नाही. तिच्या धुरात कुणीतरी बाहेरची हवा मिसळतंय. चला गॅरेजवर."

गॅरेज घराला लागूनच होतं. मिस्तरी कुबड्या टेकत आला आणि स्टुलावर बसला. गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली आणि त्याच्या सांगण्यावरून सिस्टर हातात बॅटरी अन् पाना घेऊन खाली उतरली. कडं दोन स्क्रूंनी आवळलेलं होतं. तिनं ते सैल करून बाजूला सरकवलं.

"काय दिसतंय?"

"भोकं! तीन. ड्रिलनं पाडलेली, कडा अजून चमकतायत. आणि कड्यालाही त्याच जागी तीन भोकं आहेत, वरच्या बाजूला, खालून दिसू नयेत अशी."

"म्हणजे तुम्ही सांगितलेला तो घर्रर्र आवाज ड्रिलचा!" मिस्तरी वरून म्हणाला.

"झांज त्याच्यासाठी होती," सिस्टर खड्ड्यातून म्हणाली.

मिस्तरीनं समजावलं. इंजिनातून धूर सलग येत नाही, झटक्याझटक्यानं येतो. झटका आला की थोडा धूर भोकांतून बाहेर पडतो. झटका ओसरला की त्याच भोकांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. शेवटच्या टोकाला दांडी घालणाऱ्या यंत्राला मग पातळ केलेला धूर मिळतो. "आणि भोकांतून निसटलेला कुठे जातो? वर बघा. मागच्या सीटखाली पत्र्यातलं रबरी बूच गळून पडलं असेल. जुन्या गाड्यांत पडतंच. सरळ आत. तिथे कोण बसतं?"

"आई," सिस्टर म्हणाली. ती खड्ड्यात भिंतीला टेकून उभी राहिली.

सोमवारी सकाळी तपासणी केंद्रासमोर नेहमीसारखीच गर्दी होती. बाबांचा रुमाल नुकताच पांढरा निघाला होता. सिस्टरची गाडी सगळ्या काचा उघड्या ठेवून आली. मागे रिक्षातून कुबड्या घेतलेला मिस्तरी उतरला. शेजारी शाल गुंडाळलेल्या सासूबाई. त्यांना घरी ठेवायचा प्रयत्न सिस्टरनं केला होता. पण सासूबाई ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या!

"या माई!" बाबांनी हात पसरले. "ऐकलं मी. समाधी फार खोल लागली म्हणे!"

"हो, बाबा," सासूबाई म्हणाल्या. "वर काढायला डॉक्टर लागले."

सिस्टर केंद्राच्या पायरीवर चढली. तिला भाषण करायची सवय नव्हती, पण हट्टी पेशंटला गोळी घ्यायला लावायची होती. "मंडळी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाबांवरही नको. पाच मिनिटं यंत्राकडे बघा, बस्स."

तपासनीस कुरकुरत आला. गाडी खड्ड्यावर उभी राहिली. पहिल्यांदा कड्यासकट तपासणी झाली. सिस्टरनं दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायला लावले. ०.४ आणि सात. मग ती स्वतः खड्ड्यात उतरली, कडं काढलं आणि तीन भोकांवर पत्र्याची पट्टी घट्ट आवळली. पुन्हा दांडी घातली.

"०.८," तपासनीस म्हणाला. "आणि... चौदा."

पट्टी काढली. ०.४, सात. लावली. ०.८, चौदा. न्हाव्यानं मागितलं म्हणून तिसऱ्यांदाही केलं. तपासनिसाचे कान लाल झाले होते. "मी वरची ओळच बघत होतो," तो पुटपुटला. "खालची बघायला हवी होती. चुकलंच माझं."

"यंत्राला तुमच्या संशयाची दृष्ट लागली!" बाबा गरजले. "शंकेखोर माणसापुढे शुद्धी लपून बसते!"

"तीन भोकांत?" मिस्तरीनं विचारलं.

कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणीतरी. न्हावी आपल्या गाडीखाली आडवा झाला आणि कडं चाचपून खालूनच ओरडला, "माझ्याही नळीला आहेत! तीन!" चार-पाच जण आपापल्या गाड्यांखाली वाकले. पडद्याआड शिरणाऱ्या चेल्याच्या पिशवीतून न्हाव्याच्या बायकोनं एक ओला बोळा ओढून काढला, काजळीनं बरबटलेला. नळी पुसून रुमाल पांढरा काढायची विद्या तेवढ्यावर चालली होती.

"नास्तिक आहात सगळे!" बाबा म्हणाले, पण आवाजातला गडगडाट उतरला होता.

सासूबाई पुढे झाल्या. "मी नास्तिक नाही, बाबा. म्हणून तर आलेय. चला, आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसा. कडं परत लावू, काचा बंद करू, इंजिन चालू ठेवू. फार नाही, पाऊण तास. तुमचीच शुद्धी आहे, तुम्हाला काय होणार?"

त्यांनी दार उघडून धरलं.  

बाबांनी उघड्या दाराकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "माझी... ध्यानाची वेळ झालीय," ते म्हणाले आणि अंगरखा सावरत आपल्या मोठ्या पांढऱ्या गाडीकडे निघाले. न्हावी त्यांच्या आधी तिथे पोचला होता. तो गुडघ्यांवर बसून खाली बघत होता.

"यांच्या गाडीला कडं नाही हो!"

त्यानंतर बाबांना गाडी बाहेर काढता आली नाही, कारण गर्दी बाजूलाच होईना. कुणी हात उगारला नाही. सिस्टरनं तशी ताकीदच दिली होती. सगळे नुसते उभे राहिले, तपासनिसानं बोलावलेली पोलिसांची गाडी येईपर्यंत.

सिस्टरच्या गाडीचा खरा आजार मिस्तरीनं दोन दिवसांत शोधला. इंजिन किती तापलंय ते सांगणारा अंगठ्याएवढा एक सेन्सर बिघडला होता. इंजिन तापून लाल झालं तरी तो आपला "थंडी आहे, थंडी आहे" असं सांगत राही आणि गाडी बिचारी ते खरं मानून जास्तीचं पेट्रोल ओतत राही. सेन्सर बदलला, भोकं पाडलेली नळी काढून नवी बसवली, पत्र्यातलं बूच लावलं. तपासनिसानं या वेळी सगळ्या ओळी मोठ्यानं वाचल्या. विषाचा आकडा ०.१, खालचा पंधराला टेकलेला.

कडं बसवलेल्या एक्केचाळीस गाड्या त्या आठवड्यात मिस्तरीच्या दारात लागल्या. त्यातल्या एकीच्या मागच्या सीटवर तीन महिन्यांचं बाळ रोज झोपत असे. "इतकं गुणी, कधी रडलंच नाही," त्याची आई सांगत होती आणि सांगता सांगताच तिनं बाळ सिस्टरच्या हातात दिलं. सिस्टरनं तिथल्या तिथे बाळाला तपासलं, मग दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं. बाळ सुखरूप होतं. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा ते पोटभर रडलं, आणि त्या रडण्याइतकं गोड त्या आईनं काही ऐकलं नसेल.

सिस्टर आता प्रत्येक पेशंटच्या घरी निघताना दोन वाक्यं जास्त बोलते, आणि ती आपल्यालाही सांगण्यासारखी आहेत. गाडीत बसल्यावर डोकं दुखत असेल आणि उतरल्यावर थांबत असेल, तर काच खाली करा, गाडी बंद करा आणि नळी तपासून घ्या. आणि कुणी चमत्कार दाखवून 'मागे वळून बघू नका' असं म्हणालं, तर सगळ्यात आधी मागे वळून बघा. चमत्कार खरा असेल, तर तुमच्या बघण्यानं त्याचं काही बिघडणार नाही.